गवताचा वाफा

वाफ्यावर पाय टाकला की शिंपल्या थुंकतात. पावलाच्या दाबानं चिखलातली बारीक छिद्रं मिटतात आणि आत बसलेली शिंपली पाण्याची पिचकारी सोडून खाली सरकते. खाडीच्या कामाला नवीन आलेलं माणूस दचकतं. जुन्यांना मात्र ती गार पिचकारी पोटरीवर बसली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. त्या दुपारी धाकटी आपल्या वाफ्याच्या मध्यापर्यंत चालत गेली आणि तिची पोटरी कोरडीच राहिली.

आठवडाभर ऊन नुसतं ओतत होतं. त्यात उधाणाचे दिवस. या खाडीत उधाणाची ओहोटी नेमकी भर दुपारी लागते. पाणी पार दूर जातं आणि सगळी दलदल उघडी पडून भाजत राहते. तळपाय पोळत होते. एका जागी उभं राहवत नव्हतं म्हणून ती पाय उचलत, टाकत दाताळं ओढत होती. दाताळ्याला शिंपल्या भरपूर लागत होत्या. पण त्या आ वासलेल्या. बोट घातलं तरी मिटत नव्हत्या, आणि आतलं मांस शिजल्यासारखं पांढरं पडलेलं.

शेजारच्या वाफ्यातून तिच्या थोरल्या जावेनं हाक मारली, "तुझ्याकडे गं?"

"मेल्यात."

"इकडे पण."

मग दलदलीवर ठिकठिकाणी वाकलेली माणसं एकेक करून ताठ उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. एवढ्या उन्हात ओरडायला तोंडात थुंकी तरी हवी.

धाकटी वाफ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागाकडे वळली. तिकडे जायला तिला लाज वाटायची. हिवाळ्यात तिचा नवरा धक्क्यावर इंजिन उतरवताना पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि शिंपल्यांचं बी टाकायच्या आधी वाफा साफ करायचं काम तिच्या एकटीवर आलं. अर्धा वाफा साफ करून तिनं हात टेकले. उरलेल्या अर्ध्यात पाणगवत तसंच राहिलं. वाफा साफ ठेवायचा नियम असूनही, वाफे वाटून देणाऱ्या सोसायटीनं मोडलेल्या मांडीकडे बघून तेवढा कानाडोळा केला होता.

ओल्या केसांसारखं गवत चिखलावर आडवं पडलं होतं. तिनं पाय टाकला आणि तो तिथंच ठेवला. पाय पोळत नव्हता. पातींच्या खाली घोट्याएवढं पाणी अडून राहिलं होतं. दुसरं पाऊल टाकलं तशी पोटरीवर पिचकारी बसली.

तिनं दाताळं फिरवलं. दातांत गवताच्या मुळांचे दोर अडकले. ते सोडवता सोडवता बोटं कापली. शिंपल्या थोड्याच मिळाल्या, साफ वाफ्यात मिळतात त्याच्या निम्म्याही नाहीत, आणि आकारानंही लहान. पण सगळ्या दातखीळ बसल्यासारख्या मिटलेल्या.

थोरली मधला बांध ओलांडून आली. गवतात उभी राहून तिनं डोळे मिटले आणि पायाची बोटं पाण्यात पसरली.

"इथं भाजत नाही गं," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"हो ना."

"जाते बाई. हे बघत असतील."

*

मग वास सुटला. पाणी काळं झालं. धक्क्यावर नाक धरून चालावं लागत होतं, आणि मेलेल्या शिंपल्यांचे ढीग बघून लोकांना कारण हवं होतं. ते द्यायला थोरला दीर होता. सोसायटीचा अध्यक्ष तोच, आणि आवाज असा की सगळे त्याला मुकादम म्हणत. तो लिलावाच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "गवत कुजलं. कुजलेल्या गवताचं पाणी सगळ्या वाफ्यांत शिरलं. गवत कुठं होतं, ते मी सांगायची गरज नाही."

बायका टोपल्या धूत होत्या त्या हौदापाशी धाकटी उभी होती. तिनं तिथूनच म्हटलं, "भाऊजी, गवतातल्या तर जगल्या. तुमच्या साफ वाफ्यातल्या मेल्या."

"विष कालवणारा स्वतः थोडाच पितो?"

हशा पिकला. हौदावर तिच्या बाजूला असलेली टोपली कुणीतरी उचलून पलीकडे नेली. मग दुसरी टोपली गेली. तिसरी थोरलीची होती. थोरलीनं ती उचलली, पण नेली नाही. तिथंच परत धुवायला घेतली, स्वच्छ धुतलेली असताना.

त्या संध्याकाळी सोसायटीनं ठरवलं की पुढच्या बीपर्यंत सगळी दलदल साफ झाली पाहिजे, काठाकाठाचं गवतसुद्धा. यंदा कानाडोळा नाही. ज्याच्या वाफ्यात गवत दिसेल, त्याचा वाफा सोसायटी काढून घेणार.

हा नियम काही नवा नव्हता. तो घातला होता तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, स्वतः अध्यक्ष असताना. तेव्हा ही सगळी दलदल गवतानं भरलेली होती. आप्पांनी गुडघ्यावर बसून, हातानं दोर उपसून पहिला वाफा मोकळा केला आणि त्यात अशा शिंपल्या आल्या की लोक बघायला यायचे. गवताचे दोर चिखलाखालून शेजाऱ्याकडे शिरतात, दाताळं अडकतं, आत खेकडे लपतात आणि कोवळं बी फस्त करतात. हे सगळं खरंच होतं. आप्पांचे गुडघे त्या कामात गेले. आता ते दारातल्या खुर्चीवर बसून खाडीचं पाणी नुसतं बघत.

"मी हे गवत उपटलं म्हणून तुम्ही जेवलात," आप्पा म्हणाले.

धाकटी चुलीपाशी बसून शिंपल्या उघडत होती. "खरं आहे आप्पा."

"मग?"

"तेव्हा पाणी असं तापत नव्हतं."

"पाणी तापायला काय, त्याला ताप आलाय?"

कोपऱ्यातल्या पलंगावरून तिचा नवरा म्हणाला, "ताप मोजणारी आलीये ना धक्क्यावर. चिखलाला रोज काठी लावून बघते. माझ्या मांडीला कुणी लावत नाही."

*

ती मोजणीवाली धक्क्याच्या वरच्या खोलीत राहायची. विद्यापीठाची बाई. उन्हानं नाक सोललेलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दलदलीत ठिकठिकाणी तिनं बटणाएवढ्या डब्या पुरून ठेवल्या होत्या. त्या आतल्या आत तापमान टिपत राहायच्या. एक डबी धाकटीच्या साफ अर्ध्यात होती आणि एक गवतात. धाकटीनं तेव्हा "पुरा काय पुरायचं ते" म्हणून सोडून दिलं होतं. आता ती स्वतः जिना चढून गेली.

मोजणीवालीनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. "ही तुमची उघडी बाजू. त्या दुपारी चिखल बेचाळीस अंशांवर गेला. ही गवताची. छत्तीस. शिंपली चाळिशीच्या पुढे फार वेळ तग धरत नाही."

"म्हणजे गवतानं वाचवलं."

"तसं मला वाटतं."

"वाटतं? रेघ तर समोर आहे."

मोजणीवालीनं गवताच्या रेघेवर बोट ठेवलं. "तुमची गवताची बाजू जराशी खोल आहे. पाणी तिथं उशिरापर्यंत राहतं. त्यातलं किती गवतामुळे आणि किती खोलीमुळे, हे एका वाफ्यावरून, एका उन्हाळ्यावरून सांगता येत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल."

"आणि तो वास? गवत कुजल्याचा?"

"तुमचं गवत अजून हिरवं आहे. वास मेलेल्या शिंपल्यांचा होता. हे मात्र खात्रीनं सांगते. मुकादमांनाही सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, तुमचं नाक सोललंय, तुम्हाला वास काय कळणार."

धाकटीला हसू आलं. मग तिनं विचारलं, "बाकीचं खात्रीनं सांगायला किती दिवस लागतील?"

"चार-पाच वर्षं. आणखी वाफे मिळाले तर कमी."

"तोवर आमचा वाफा राहतोय कुठं?"

मोजणीवालीनं मग खिडकीतून धक्क्याचा जुना खांब दाखवला. तिच्या आधीच्या माणसांनी तिथं वर्षानुवर्षं पाणी मोजलं होतं. तेव्हापासून आतापर्यंत खाडी दीड अंशानं तापली होती.

"दीडच?"

"सरासरी. तुमच्या अंगाचा ताप दीड अंशानं वाढला तर तुम्ही कामाला जाल का? आणि पूर्वी असा कडक दिवस एखादा यायचा, मधे चिखल निवायचा. आता ते दिवस सलग येतात."

"आणि गवत? ते टिकेल?"

"एका हद्दीपर्यंत. फारच तापलं तर गवतही जाईल."

धाकटी जिना उतरली. कुणी तिला ठाम काही सांगितलं असतं, तर ते जाऊन मुकादमाच्या तोंडावर फेकता आलं असतं. आता जे काही करायचं ते अर्धवट माहितीवर, स्वतःच्या जबाबदारीवर. पण मुकादमाकडे तरी पुरती माहिती कुठं होती? त्याच्याकडे नुसता आवाज होता.

*

पावसाळा सरला. लोक दलदलीत कुदळी घेऊन उतरले आणि काठाकाठानं गवत उपसू लागले. त्याचे ढीग धक्क्यावर वाळायला पडले. नवरा कुबडी टेकत दारापर्यंत येऊ लागला होता. तो म्हणाला, "अगं, अर्धं काढ, अर्धं ठेव. दाखवायला झालं. वाफा गेला तर खायचं काय? माझी मांडी?"

"काठावर ते उपटून टाकतात ना गवत, ते मी घेऊन येणार आहे."

"कशाला?"

"उघड्या अर्ध्यात लावायला."

नवऱ्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, आता हा कुबडी फेकून मारणार. "लावणार? गवत? ज्या गवतापायी माझ्या बापाचे गुडघे गेले ते?"

"हो."

"आणि बाई म्हणतेय की तिला खात्री नाही."

"तिला नाही. मलाही नाही. पण उघड्या चिखलात काय होतं, त्याची तर खात्री आहे ना? ते मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यानं खाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि पाण्यात ते राहणार कसं? भरती आली की वाहून जाईल."

तसंच झालं. पहिल्या खेपेला तिनं ढेकळांसकट गवत आणून चिखलात दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं खाडीच्या तोंडाशी तरंगताना दिसलं. धक्क्यावर बसलेले लोक पोट धरून हसले. "शेती वाहून चाललीये हो तुमची! धरा, धरा!" पोरीबाळी तिला बघितलं की हात हलवून पोहल्यासारखं करायच्या. ती खाली मान घालून घरी आली आणि चिखलाचे पाय न धुताच उंबऱ्यावर बसली. पाठीचा कणा पेटला होता.

नवऱ्यानं जुन्या इंजिनाच्या पेटीतून तारेचं वेटोळं काढलं. खुर्चीवर बसून, मोडकी मांडी लांब पसरून, पक्कडीनं तारेचा एकेक तुकडा तोडून तो केसातल्या आकड्यासारखा वाकवू लागला.

"हे काय?"

"दोरावर बसवायचं आणि चिखलात खुपसायचं. मुळं धरेपर्यंत हलणार नाही." मग आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाला, "मला काही पटलेलं नाही हां. पण काम करायचं तर नीट करायचं."

आप्पांना ऐकू गेलंच. ते खाडीकडे तोंड करून म्हणाले, "घरात बसून गवताला आकडे करतोय. बापाला फास कर त्यातलाच एक." तरी जेवताना ते हळूच म्हणाले, "दोर आडवा ठेव. उभा खुपसलास तर कुजेल. मी उपटलंय ते, मला माहीत आहे कसं धरतं." एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली ती फिरवलीच.

हिवाळाभर ती ओहोटीला उतरत राहिली. आकड्याच्या टोकांनी बोटांना छिद्रं पडली. खारं पाणी लागून ती चिघळली. गवत एका जागी धरायचं, दुसऱ्या जागी सडायचं. बीचे दिवस आले तेव्हा उघड्या अर्ध्यात ठिगळाठिगळानं हिरवं दिसत होतं. वाफा देखणा मुळीच नव्हता. पण तो सगळ्या दलदलीत एकटाच हिरवा होता, आणि धक्क्यावरून आंधळ्यालाही दिसला असता.

*

शिंपल्यांचं बी होडीतून येतं, खाडीच्या तोंडावरच्या वाळूतून चाळून आणलेलं, तांदळाच्या कणीएवढं. ते धक्क्यावर वाटतात आणि त्याच ओहोटीत सगळ्यांना टाकून व्हावं लागतं. उन्हात राहिलेलं बी जगत नाही. मुकादम एकेकाला पोती देत होता. धाकटीची पाळी आली तसा त्यानं तिच्या मागच्या माणसाला हात केला.

"भाऊजी, माझं बी."

"गवतवाल्यांना बी नाही. वाफा दुसऱ्याला दिलाय. साफ करून आजच बी टाकायचंय त्याला."

तिची टोपली रिकामी होती. ती घेऊन सगळ्यांच्या देखत धक्क्याच्या पायऱ्या उतरणं फार जड गेलं. पण ती घरच्या वाटेला वळली नाही. सरळ दलदलीत उतरली आणि आपल्या वाफ्यात जाऊन उभी राहिली.

मुकादम कुदळी घेतलेल्या दोन गड्यांना घेऊन आला. "बाजूला हो."

"नाही होणार."

"बाईमाणसाला हात लावायला लावू नकोस."

"मी कुठं लावायला सांगते? तुम्ही कुदळ मारा. मी इथं उभी आहे, मधे माझा पाय येतोय, तेवढं बघून मारा."

एका गड्यानं कुदळ उगारली आणि तशीच धरली. धाकटीनं पुढे होऊन दांडा पकडला. दोघांचेही हात चिखलानं माखलेले, दांडा निसटत होता, पण तिनं सोडला नाही. गड्यानं मुकादमाकडे बघितलं.

"तुझ्यापायी सगळ्यांचा हंगाम जाईल," मुकादम म्हणाला. "कळतंय का तुला? भरती चढायच्या आत बी पडायला हवं."

"मग जा ना, टाका आपापलं. मी कुणाला अडवलंय? मी फक्त एवढंच अडवतेय." तिनं पायाखाली बघितलं. "गेल्या साली तुमचा वाफा आरशासारखा साफ होता. किती जगल्या भाऊजी?"

"ते गवताच्या..."

"किती जगल्या?"

वारा पडला होता. लांब पाण्याची रेघ हळूहळू जाड होत होती.

तेवढ्यात पाठीमागून फळी घसटत आल्याचा आवाज झाला. थोरली चिखलावरून फळी ढकलत, त्यावर आपल्या वाफ्याची दोन पोती घेऊन येत होती. आपल्या वाफ्यापाशी ती थांबली नाही. बांध ओलांडून आत आली, एका पोत्याचं तोंड सोडलं आणि पसा भरून बी गवतात टाकलं. मग दुसरा पसा टाकला.

"अगं ए!" मुकादम ओरडला. "ते आपलं बी आहे!"

"अर्धं माझं. वाळूत बसून चाळलं कोणी? तुम्ही की मी?" थोरलीचा हात थांबला नाही. "एक पोतं आपल्याकडे जाईल. एक इथं. गेल्या साली सगळं एकाच जागी घातलं आणि सगळं फेकलं. मला परत ते हातांनी फेकायचं नाहीये." मग ती गड्यांकडे वळली. "काय रे, बी पडलं बघा. आता घाला कुदळ."

गड्यांनी कुदळी खाली केल्या. बी पडलेल्या वाफ्यात हंगाम होईपर्यंत कुणीही हत्यार घालत नाही. मालक कोण, भांडण कसलं, हे त्यात येत नाही. सोसायटी नव्हती तेव्हापासून दलदलीत हे पाळलं जातं, आणि ते मोडणाऱ्याला पुन्हा कुणी आपल्या होडीत घेत नाही. गडी एकमेकांकडे न बघता आपापल्या वाफ्यांकडे निघून गेले. त्यांचंही बी उन्हात होतं.

धाकटीनं पोत्यात हात घातला. बी गार आणि ओलं होतं. ती वाकून, पाती बोटांनी बाजूला सारून, मुळांशी ते सोडू लागली. थोरली एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. दोघींच्या मधे मुकादम तसाच उभा होता.

"हंगाम झाला की हा वाफा काढून घेणार," तो म्हणाला. आवाज नेहमीएवढाच मोठा होता, पण ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं. "उन्हाळ्यात मेलं ना सगळं, तर सगळ्यांसमोर विचारीन तुला."

"विचारा. जगलं तरी विचारा. तेव्हा मात्र विसरू नका." ती सरकत सरकत त्याच्यापाशी आली होती. तिनं मान वर केली. "आता पाय उचला भाऊजी. बीवर उभे आहात."

मुकादमानं खाली बघितलं. मग एक पाय उचलला आणि तो हवेत तसाच धरून, टेकवायला मोकळी जागा शोधू लागला. चारी बाजूंना गवत होतं आणि गवताच्या मुळाशी बी चिखलात शिरत होतं. धाकटीनं त्याची वाट बघितली नाही. तो पाय जिथून उठला होता त्या खड्ड्यात तिनं पसाभर बी सोडलं, वरून पाती ओढून घेतल्या आणि ती पुढे सरकली.